आपल्या पावसाला, आपल्या खडकाला लागू पडणारी माहिती कुठे शोधायची?

जुलैतली सकाळ होती. गॅलरीतल्या ड्रमचं झाकण उचललं आणि असा भपकारा आला की दोन पावलं मागे सरकावं लागलं. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, सगळ्याचा काळपट चिखल झाला होता. तळाशी पाणी साचलं होतं आणि वरच्या थरात बोटाच्या पेराएवढ्या करड्या अळ्या वळवळत होत्या. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं म्हणून मी इंटरनेटवर एक व्हिडिओ तीनदा पाहिला होता, कागदावर टिपून घेतला होता आणि त्यात सांगितल्याप्रमाणे अक्षरशः सगळं केलं होतं. दर तिसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी शिंपडायचं, हेसुद्धा.

खत का बिघडलं ते नंतर कळलं. व्हिडिओ करणारा माणूस अशा देशात राहतो जिथे हवा कोरडी असते आणि ड्रम उघड्यावर ठेवला तर आतला माल वाळून जातो. त्याचं पाणी शिंपडणं त्याच्या जागी अगदी बरोबर होतं. पुण्यातल्या जुलैत हवाच इतकी दमट असते की बाहेरून थेंबभरही पाण्याची गरज नसते. माहिती खरी होती, फक्त ती माझ्या पावसासाठी सांगितलेली नव्हती.

शाश्वत जगण्याबद्दल, म्हणजे कचरा, वीज, पाणी, अन्न, वस्तूंचा वापर यांबद्दल इंटरनेटवर अफाट सामग्री आहे. त्यातली बरीचशी प्रामाणिक माणसांनी तयार केलेली आहे. अडचण तिच्या खरेखोटेपणाची कमी आणि जागेची जास्त आहे. कोण, कुठे बसून, कुठल्या हवेत, कुठल्या मातीवर बोलतंय हे न पाहता आपण कृती उचलतो, ती फसते, आणि मग ‘हे सगळं आपल्याकडे जमत नाही’ असं ठरवून मोकळे होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जमतं. गेली सहा वर्षं माझ्या घरातून ओला कचरा बाहेर गेलेला नाही.

तर आधी त्या ड्रमचं पूर्ण करते, कारण चांगली माहिती कशी असते हे त्यावरून नीट समजतं.

कचऱ्याचं खत करतात ते सूक्ष्मजीव. त्यांना दोन गोष्टी लागतात: शक्तीसाठी कार्बन आणि शरीर बांधायला नायट्रोजन. एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन असला की त्यांचं काम झपाट्याने चालतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण १५-२० च्या आसपास असतं, म्हणजे कार्बन कमी पडतो. वाळक्या पानांत ते ५०च्या पुढे, आणि सुताराकडच्या भुशात तर काही शेकड्यांत जातं. म्हणून ओल्यात कोरडं मिसळायचं. हा हिशेब एकदा कळला की कुठलीही महागडी पावडर विकत आणावी लागत नाही. नाकच सांगतं काय कमी आहे: डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झालाय, कोरडी पानं घाला. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा जात नाही, उकरा आणि पाणी निथळू द्या. ओल किती असावी? मूठभर माल घेऊन दाबला तर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. आणि त्या करड्या अळ्या होत्या काळ्या सोल्जर माशीच्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. मी त्या घाबरून फेकून दिल्या होत्या.

मी पावसाळ्यात पाणी पूर्ण बंद केलं, प्रत्येक वाटीभर ओल्या कचऱ्यावर दीड ते दोन वाट्या वाळकी पानं आणि नारळाच्या किशीचा चुरा घालायला लागले. आठवड्यात वास गेला. आता ड्रम उघडला की पहिल्या पावसानंतर अंगणात येतो तसा वास येतो.

हे सगळं मला ज्या लेखातून कळलं, तो दिसायला अगदी साधा होता. चकचकीत फोटो नव्हते. पण लिहिणाऱ्याने कारण सांगितलं होतं. कृती एका जागेपुरती असते. कारण हाताशी असलं की कृती आपल्या जागेला बेतून घेता येते. चांगल्या सामग्रीची माझ्या लेखी पहिली खूण हीच: ती ‘असं करा’ म्हणून थांबत नाही, ‘हे असं का होतं’ तेही सांगते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. इंटरनेटच्या कितीतरी आधी प्रा. श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला होता. ते गणिताचे प्राध्यापक. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांपासून ते गच्चीवर भाजी लावणाऱ्या शहरी माणसांपर्यंत अनेकजण आपापल्या जागी प्रयोग करत आणि काय घडलं ते एकमेकांना कळवत. कळवायचं म्हणजे मोजून कळवायचं. विद्यापीठातून येणारा सल्ला खाली झेलायचा, असं त्यात नव्हतं; प्रत्येक शेतकरी स्वतः शोध घेणारा होता. मला इंटरनेटवर काही वाचताना आजही हीच कसोटी लावावीशी वाटते. या माणसाने स्वतः केलंय का? मोजलंय का? फसलेलं सांगितलंय का? ज्या पानावर फक्त यशच यश आहे, तिथे मी फार वेळ थांबत नाही. फसलेला प्रयोग सांगणारा माणूस मला दहा चुका वाचवून देतो.

वीज: बिलापासून सुरुवात

कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी म्हणते विजेचं बिल काढा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो आकडा म्हणजे आपल्या घराची नाडी. ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणारे हरितगृह वायू, मोजणारी शेकडो पानं इंटरनेटवर आहेत, पण त्यांतली बरीचशी घर तापवायला किती गॅस जाळता, वर्षाला किती विमानप्रवास करता असे प्रश्न विचारतात. आपल्या बहुतेक घरांना ते लागूच होत नाहीत. शिवाय ही कल्पना घराघरांत नेली ती बीपी या तेल कंपनीने. २००४ मध्ये तिने असं मोजणी-यंत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवलं आणि भरपूर जाहिरात केली. तेल विकणाऱ्याने तुमच्या वापराकडे बोट दाखवलं की त्याच्याकडे कमी पाहिलं जातं, हे लक्षात ठेवून ते आकडे वाचावेत. मोजू नये असं मी म्हणत नाही. उलट मोजावंच, पण आपल्या बिलावरून.

एक उदाहरण करून पाहू. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा त्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर जुना पंखा १.१२५ युनिट खातो, नवा ०.४५. फरक ०.६७५ युनिट. घरात असे चार पंखे असतील तर दिवसाला २.७ आणि महिन्याला ८१ युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटला कमी, मग १०१ ते ३०० ला जास्त, त्यापुढे आणखी. त्यामुळे वाचलेले युनिट हे सगळ्यात महाग टप्प्यातले असतात. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करतं. म्हणजे चार पंख्यांमागे महिन्याला जवळपास ५७ किलो. दिवे बंद करण्याच्या आठवणींचे फलक मला आवडतात, पण एलईडीच्या जमान्यात त्यांचा वाटा पंखा, फ्रिज आणि गीझरच्या मानाने फार लहान आहे.

अशी मोजमापं कुठे मिळतात? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे ज्यांचे तारे आपण फ्रिजवर बघतो ते, त्यांच्या संकेतस्थळावर तारांकित उपकरणांची माहिती असते. आणि पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेचा ऊर्जा गट विजेबद्दल जे लिहितो, ते मी आवर्जून वाचते. वीज दर कसे ठरतात, घरांत वीज नेमकी कुठे जाते, यावरचे त्यांचे अहवाल फुकट उतरवून घेता येतात. पहिली दहा पानं जड जातात, पण वाचल्यावर बिल वेगळं दिसायला लागतं.

छतावर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर दुकानदाराला फोन करण्याआधी जागतिक बँकेचा ‘ग्लोबल सोलर ॲटलस’ उघडा. नकाशावर आपल्या गावावर बोट ठेवलं की एक किलोवॅटच्या पॅनेलपासून वर्षाला किती वीज मिळू शकते ते दिसतं. आपल्याकडे सरासरी दिवसाला ४ युनिट धरायला हरकत नाही. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरवलं आहे. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी आपल्या गच्चीवर पडते का, हे मात्र कुठलाही नकाशा सांगणार नाही. ते आपणच डिसेंबरात वर जाऊन पाहायचं, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब.

पाणी: खडक बघितल्याशिवाय खड्डा खणू नका

पाण्याच्या बाबतीत दुसऱ्याची कृती उचलण्याचा फटका सगळ्यात मोठा बसतो, कारण इथे खणायला पैसे लागतात.

छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या हिशेबाचा अर्धा भाग सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर १०० चौरस मीटर छतावर ७० हजार लिटर पडतं. उडून जाणारं, वाहून जाणारं सोडलं तरी ५५ हजार लिटर हाताशी राहतं. आपल्या जिल्ह्याचा पाऊस भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर बघावा आणि आपला हिशेब आपण करावा.

उरलेला अर्धा भाग जमिनीखाली असतो आणि तो छतावरून दिसत नाही. उत्तर भारतातल्या गाळाच्या मैदानात केलेले पुनर्भरणाचे व्हिडिओ बघून आपल्याकडे खड्डा खणला तर पाणी मुरेलच असं नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा खडक झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला असतो. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्यात पाणी शिरतं आणि साठतं. खालचा भाग मात्र घट्ट काळा पाषाण, आणि त्यात भेगा असतील तरच पाणी सरकतं. तुमचा शोषखड्डा मांजऱ्यावर आला तर पहिल्याच पावसात फरक दिसेल. काळ्या पाषाणावर आला तर नुसतं डबकं होईल आणि डास वाढतील. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचं वेगळंच तंत्र: पाणी चटकन मुरतं आणि तितक्याच चटकन उताराने निघूनही जातं, म्हणून तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात.

हे समजावून सांगणारी सामग्री शोधायची असेल तर पुण्यातल्या ‘ॲक्वाडॅम’ या भूजल अभ्यासकांच्या संस्थेची टिपणं पाहा. गावकऱ्यांना कळेल अशा आकृत्यांत त्यांनी खडक उलगडून दाखवले आहेत. बेंगळुरूच्या अर्घ्यम् संस्थेने सुरू केलेलं ‘इंडिया वॉटर पोर्टल’ हे देशभरच्या अनुभवांचं मोठं कोठार आहे. तिथे एखादा लेख आवडला की आधी तो कुठल्या जिल्ह्यातला आहे हे बघायची सवय लावून घ्या. आणि मराठीत, हात मातीत घालून शिकवणारं काही हवं असेल तर पानी फाउंडेशनचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून त्यांची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा गावागावातल्या लोकांना समपातळी चर, बांधबंदिस्ती शिकवायला हे तयार झाले. माथ्यापासून पायथ्याकडे काम का करायचं, पळत्या पाण्याला आधी चालायला आणि मग थांबायला कसं लावायचं, हे इतक्या सोप्या मराठीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

शोधताना आपला शब्द वापरण्याचा फायदा इथे कळतो. ‘ग्रे वॉटर मॅनेजमेंट’ असं शोधलं की परदेशी पाइपांच्या जाहिराती येतात. ‘शोषखड्डा’ असं शोधलं की नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव सापडतं, जिथे घरोघरी शोषखड्डे केल्यावर सांडपाण्याच्या गटारी संपल्या आणि डासही. ‘किचन गार्डन’ऐवजी ‘परसबाग’, ‘मल्चिंग’ऐवजी ‘आच्छादन’ लिहून बघा. आपल्या हवेतली, आपल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंनी काम करणारी माणसं भेटायला लागतात.

समज बदलणारी काही ठिकाणं

परदेशी सामग्री टाकाऊ आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. उलट काही पानांनी माझ्या समजुती मुळापासून हलवल्या आहेत.

‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे ऑक्सफर्डमधल्या अभ्यासकांचं काम. तिथे अन्नाबद्दलचा एक मोठा अभ्यास सोपा करून मांडलाय. २०१८ सालच्या त्या अभ्यासात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली होती. अन्न लांबून आलं म्हणजे पर्यावरणाचं फार नुकसान, अशी माझी पक्की समजूत होती. आकडे वेगळं सांगतात: बहुतेक पदार्थांच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी, खरा फरक पडतो तो काय खातो याने. जगाच्या सरासरीत किलोभर वाटाण्यामागे सुमारे १ किलो, तांदळामागे ४ किलोच्या वर आणि चीजमागे २० किलोहून अधिक हरितगृह वायू. विमानाने आलेली फळं हा याला अपवाद. अर्थात ही जगाची सरासरी आहे, आपल्या दारच्या गायीची किंवा भोरच्या भाताची नाही, आणि तिथले अभ्यासक हे लपवत नाहीत. स्थानिक शेतकऱ्याकडून घेण्याची माझी कारणं अजून तशीच आहेत, ताजेपणा आणि त्याच्या हातात दोन पैसे जास्त. फक्त त्याला कार्बनचं कारण जोडणं मी थांबवलं.

दुसरं ठिकाण म्हणजे ‘लो-टेक मॅगझिन’. क्रिस दे डेकर यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ जुनी, कमी ऊर्जेची तंत्रं नव्याने तपासून बघतं. २०१८ पासून त्याची एक आवृत्ती बार्सिलोनातल्या सौर पॅनेलवर चालते. तिकडे बरेच दिवस आभाळ भरून राहिलं की पान बंद पडतं. बॅटरी किती उरली आहे ते पानाच्या पार्श्वभूमीवर रंगाने दिसतं आणि फोटो मुद्दाम हलके, ठिपक्याठिपक्यांचे केलेले असतात, म्हणजे कमी वीज लागावी. जे सांगतात ते स्वतः करून दाखवतात, म्हणून मला ते भावतं.

तिथे भांडी उबदार गुंडाळून शिजवण्याबद्दल वाचलं आणि आजीची आठवण आली. भाताला उकळी आली की ती पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळायची आणि वर उशी ठेवायची. यामागचं शास्त्र असं: पाणी उकळेपर्यंत ऊर्जा लागतेच, पण त्यानंतर शेगडी जे जाळते ते बहुतेक भांड्यातून बाहेर जाणारी उष्णता भरून काढायला. ती बाहेर जाऊच दिली नाही तर अन्न स्वतःच्याच उष्णतेत शिजतं. मी आता भात आणि मुगाची डाळ अशीच करते: पाच मिनिटं खळखळून उकळायचं, झाकण न काढता जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवायचं आणि तासाभराने उघडायचं. राजमा मात्र असा करू नका; तो भिजवून निदान दहा मिनिटं चांगला खळखळ उकळावाच लागतो, नाहीतर पोट बिघडतं. याच धर्तीवर ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, अगदी थोड्या कोळशावर वाफेत स्वयंपाक करणारा सराई कुकर केला. उरल्यासुरल्या अन्नावर चालणाऱ्या त्यांच्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. युरोपातला लेख आणि पुण्यातली कार्यशाळा एकाच तत्त्वापाशी येऊन मिळतात, तेव्हा मला त्या तत्त्वाची खात्री पटते.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये राहणारी माझी मावसबहीण बंद पडलेला मिक्सर घेऊन तिथल्या ‘रिपेअर कॅफे’त, म्हणजे स्वयंसेवक बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायला मदत करतात अशा मेळाव्यात, गेली आणि दीड तासात तो चालू करून आणला. मार्टिने पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. आता ते जगभर भरतात. आपल्याकडे हीच कामं नाक्यावरचा दुकानदार करतो. मिक्सर हातात घेतल्या घेतल्या तो म्हणतो, “ताई, कार्बन संपलाय,” आणि मोटरमधले कार्बनचे दोन छोटे तुकडे बदलून देतो. त्याच्याकडे जायच्या आधी ‘आयफिक्सइट’ या दुरुस्ती शिकवणाऱ्या संकेतस्थळावर आपल्या वस्तूचं पान बघावं. आत काय आहे, कुठला भाग बदलता येतो हे फोटोंसकट दिलेलं असतं. मग ‘नवीनच घ्या’ असं कुणी म्हणालं तर प्रश्न विचारता येतो.

‘इको’ लिहिलं म्हणजे झालं?

एकदा ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेली पिशवी मी खताच्या ड्रममध्ये टाकली. पाच महिन्यांनी खत चाळताना ती चाळणीत आली, माती झटकली तर छपाईसुद्धा वाचता येत होती. मग नियम वाचले. नष्ट होणारं, म्हणजे बायोडिग्रेडेबल प्लास्टिक आणि खतात विरघळणारं, म्हणजे कंपोस्टेबल प्लास्टिक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कंपोस्टेबल पिशवीला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. तरीही हे मानक मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेसाठी आहे. गॅलरीतला ड्रम तितका तापत नाही. माझ्या पिशवीवर कुठलाच क्रमांक नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द वापरायचे तर पुरावा द्यावा लागतो. म्हणून एखाद्या पानावर वाचता वाचता शेवटी बांबूचा ब्रश किंवा स्टीलच्या नळ्यांचा संच विकत घ्यायचा दुवा आला, तर वरचा मजकूर पुन्हा एकदा, वेगळ्या नजरेने वाचा. विकणं हा गुन्हा नाही. पण घरात असलेली वस्तू वापरत राहणं हा सल्ला विकणारा सहसा देत नाही, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात चांगला सल्ला असतो.

मराठीत, फुकट

घरात मुलं असतील तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळापासूनच सुरुवात करा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली: आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुन्या पेनच्या नळ्या. कृती, व्हिडिओ आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं तिथे विनामूल्य आहेत. माझ्या भाच्याने त्यातून बाटलीच्या झाकणांचा भोवरा केला, आणि त्यानंतर आमच्याकडे झाकणं फेकली जात नाहीत, डब्यात जमा होतात. ‘कशाला कचरा म्हणायचं’ हा प्रश्न त्याच्या बोटांनी सोडवला. मला त्याला काही सांगावं लागलं नाही.

संकल्पना नीट समजून घ्यायला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, आणि त्यातला कुमार विश्वकोशाचा जीवसृष्टी आणि पर्यावरण विभाग मोठ्यांनीही वाचावा असा आहे. ‘विकासपीडिया’वर शेती, ऊर्जा, योजना यांची माहिती मराठीत मिळते, अनुदानाचे आकडे मात्र मूळ सरकारी पानावर जाऊन ताडून घ्या, कारण ते बदलत राहतात. झाडांची आवड असेल तर ‘सीझनवॉच’ पाहा. घराजवळचं एकच झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याला पालवी आहे का, कळ्या आहेत का, फुलं, फळं किती, हे बघून नोंदवायचं. खर्च शून्य. मी आमच्या गल्लीतला बहावा निवडलाय. वर्षानुवर्षं त्याच्याखालून जात होते, पण त्याची पानगळ कधी होते हे नोंद करायला लागल्यावर पहिल्यांदा बघितलं.

एक विनंती आहे. तुमच्याकडे काही जमलं किंवा फसलं तर ते मराठीत लिहा, आणि लिहिताना गाव, महिना, पाऊस, माप लिहा. ‘छान खत झालं’ याने कुणाचंच काम होत नाही. ‘चिपळूण, ऑगस्ट, चार माणसांचं घर, रोज अर्धा किलो ओला कचरा, भुसा कमी पडला, अकराव्या दिवशी वास, किशी घातल्यावर पाच दिवसांत गेला’ एवढी एक ओळ चिपळूणच्या दुसऱ्या घराला पुरते.

माझ्या ड्रमच्या झाकणावर आता एक वही दोरीने बांधलेली आहे. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वास येतोय म्हणून वही मागायला आल्या. जुलै महिन्याची पानं त्यांनी फोनवर टिपून घेतली, आणि जाताना विचारलं, “ती किशी कुठून आणतेस गं?” देवळासमोरच्या नारळवाल्याकडून, पिशवी आपली न्यायची, तो पैसे घेत नाही.